बुढीचा पाय

आमच्या भंडारा जिल्ह्यात बाहुल्यांचा खेळ लोकांना माहीत नाही, असं कोणी म्हणालं तर त्याला माझ्याकडे पाठवा. चांगला माहीत आहे. मीच गावोगाव फिरून तो माहीत करून दिलाय. माझी पत्र्याची पेटी ऑटोतून उतरताना दिसली की अर्धं गाव तिला ओळखतं, आणि त्यातले निम्मे लोक मागच्या दाराने शेतावर निघून जातात. एवढी प्रसिद्धी कलावंताला सहसा जिवंतपणी मिळत नाही.

पेटीत तीन बाहुल्या आहेत. एक बुढा, एक बुढी आणि एक वाघ. तिन्ही हातात मोज्यासारख्या घालायच्या. दोरीवर नाचणाऱ्या राजा-राणीशी आमचं काही नातं नाही, हे मी इतक्या वेळा समजावून सांगितलंय की आता सांगत नाही. बुढ्याचं डोकं कागदाच्या लगद्याचं आणि मिशा झाडूच्या काड्यांच्या. बुढीचे केस काळ्या लोकरीचे. तिचं नाक जरा जास्तच मोठं आहे, कारण शेवटी लगदा उरला होता आणि मला तो टाकवला नाही. वाघ माझ्या नवऱ्याच्या जुन्या स्वेटरचा केलाय. स्वेटर जुना नव्हता, असं नवऱ्याचं म्हणणं अजून आहे.

मी प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. पहिली शाळा बपेऱ्याकडची, पार मध्य प्रदेशच्या हद्दीला लागून. नोकरीच्या सुरुवातीलाच आम्हाला एका प्रशिक्षणाला बोलावलं. तिथे चार दिवस चहा, पोहे आणि भाषणं झाली, आणि पाचव्या दिवशी एका बाईंनी जुना मोजा हातात घालून त्याला बोलायला लावलं. बाकीचे शिक्षक प्रवासभत्त्याचे कागद भरत होते. मी मात्र त्या मोज्याकडे बघत बसले. घरी आले आणि आठवडाभर स्वयंपाकघर कागद भिजवलेल्या बादल्यांनी भरून टाकलं.

पहिला खेळ मी माझ्याच वर्गात केला. बुढी भात रांधते, बुढा मागून झाकण उघडून खातो, बुढीला वाटतं मांजर आलं, ती मांजर समजून बुढ्यालाच उलथन्याने हाणते. एवढंच. पहिलीतली एक पोर इतकी हसली की तिला उचलून बाहेर न्यावं लागलं, आणि नंतर ती जागा पुसून घ्यावी लागली. दाराशी शाळा तपासायला आलेले एक साहेब उभे होते. तेही हसत होते. मग त्यांनी रुमालाने तोंड पुसलं, आणि हसू त्या रुमालातच राहिलं.

"छान," ते म्हणाले. "पण यातून संदेश काय गेला?"

"बुढ्याला भूक लागली होती," मी म्हटलं.

"ते अहवालात कसं लिहायचं?"

तेव्हा मी नवी होते. मला वाटलं, साहेबांचं खरंच असेल. घरी जाऊन खेळाच्या शेवटी एक वाक्य जोडलं: जेवणाआधी हात स्वच्छ धुवा. तिथून जी घसरगुंडी सुरू झाली ती तीसेक वर्षं थांबली नाही.

माझ्या बुढीने काय काय नाही केलं! ती संडास बांधा म्हणून रडली. दवाखान्यातच बाळंत व्हा म्हणून तिने सत्तराव्या वर्षी पोटाला उशी बांधली. डबक्यात गप्पी मासे सोडले, कचरा ओला आणि सुका केला, मतदानाला रांगेत उभी राहिली, प्लॅस्टिकची पिशवी पाहून बेशुद्ध पडली. बुढा बिचारा नेहमी चुकणारा. दारू प्यायचा तर तोच, उघड्यावर बसायचा तर तोच. वाघाला बरेच दिवस काम नव्हतं. मग जंगलालगतच्या गावांसाठी साहेबलोकांना वाघ आठवला, आणि वाघही समजूतदार भाषणं द्यायला लागला: सरपणाला एकटे जाऊ नका, गुरं रात्री गोठ्यात बांधा. ज्याच्यापासून सावध राहायचं, तोच सावध राहायचे नियम सांगतोय, यात कोणाला काही वावगं वाटलं नाही.

ह्या सगळ्याला जनजागृती म्हणतात. माणसं जागी होण्यासाठी आधी झोपावी लागतात, आणि ती सोय माझ्या खेळात आपोआप होत असे.

सगळ्यात मोठी कामगिरी हत्तीरोगाची. आमच्याकडे डासांपायी हा रोग आहे, पाय सुजून खांबासारखा होतो. दरवर्षी गोळ्या वाटतात आणि लोक त्या घेऊन चुलीमागे ठेवतात. तर गोळ्या समोरच खाव्यात, असा खेळ करायचा होता. तालीम बघायला आलेले साहेब तिसऱ्याच मिनिटाला म्हणाले, "पाय कुठाय?"

मी म्हटलं, "साहेब, हातात घालायच्या बाहुलीला पाय नसतात. तिथे माझा हात असतो."

"पण रोग पायाचा आहे."

घरी आले, जुन्या उशीतला कापूस काढला, पिवळट कापडाचा एक लांबडा पाय शिवला, टम्म भरला, त्याला पाच बोटं पाडली आणि बुढीच्या लुगड्याच्या काठाखाली टाचला. एकच. दोन्ही पाय लावले असते तर बुढी उचलली नसती. अशा रीतीने माझी बुढी जगातली पहिली एकपायी बाहुली झाली, आणि तो एक पायही रोगाचाच. खेळाच्या शेवटी ती पायाला मिठी मारून म्हणायची, "येळेवर गोळ्या खाल्ल्या असत्या त असं झालं नसतं वं माय!" आणि बुढा गोळ्या वाटायचा. पवनी तालुक्यात कोंढ्याच्या आसपास आम्ही हा खेळ गावोगाव केला. साहेबांनी फोटो काढले. पुढच्या वर्षी मतदानाचा खेळ आला तेव्हा दुसरे साहेब म्हणाले, "मतदाराचा पाय असा कसा?" मग पाय उसवला. आत चांगला कापूस होता म्हणून फेकला नाही, पिशवीत गुंडाळून पेटीच्या तळाशी ठेवून दिला.

मग मी सेवानिवृत्त झाले. शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं जे आजही पंधरा मिनिटं मागे आहे. आणि घरी बसल्यावर मला त्या पहिलीतल्या पोरीचं हसू आठवायला लागलं. तीस वर्षांत तसं कोणी हसलंच नव्हतं. ऐकलं सगळ्यांनी, मान हलवली, टाळ्या वाजवल्या, सह्या केल्या. हसलं कोणी नाही. मला राग आला. आधी साहेबांचा आला, पण खरं सांगायचं तर नंतर माझाच आला. साहेब तर दर तीन वर्षांनी बदलत होते. हात माझाच होता.

म्हणून ठरवलं, आयुष्यात एक खेळ असा करायचा की ज्यात काही म्हणजे काही शिकायला मिळणार नाही.

नवऱ्याला सांगितलं. तो माझ्या खेळात ढोलक वाजवतो आणि वाघ चालवतो, स्वेटर त्याचाच असल्यामुळे. तो म्हणाला, "अन् लोक काहून बसतीन?"

"हसायला."

"फुकटचे हासाले लोकायजवळ मोबाइल हाय. तुह्या बुढीकडे कायले पाहतीन?" मग त्याने मनातली गोष्ट काढली. "असं कर. लोक हासले त पेटी तुही. नाई हासले त पेटी मले दे. ब्लँकिटं ठेवाले चांगली हाय."

मी हो म्हटलं. त्याच्यासाठी ती ब्लँकेटांची गोष्ट होती. मला मात्र आतून भीती वाटत होती की बाहुल्यांची गंमत लोकांच्या मनातून गेली असेल, आणि ती घालवणारी मीच असेन. तसं निघालं असतं तर पेटीत ब्लँकेटं ठेवणंच बरं होतं.

दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. लेकी-जावई येतात, दुकानं लागतात, दिवसा दंडार म्हणजे नाचगाण्याची सोंगं, रात्री नाटक. ज्याला आमची माणसं हसताना बघायची आहेत त्याने मंडईला यावं. कोंढ्याच्या पुढच्या एका गावातल्या मंडई समितीच्या सचिवाला मी फोन लावला.

"जयभीम मॅडम," तो म्हणाला, "या ना, काहून नाई? कोणत्या योजनेचा हाय?"

"कोणत्याच नाही."

"मंग कोण्या विभागाचा?"

"माझा."

तो हळूच म्हणाला, "पण मॅडम, लोकायले सांगाचं काय?"

"हसायला या, असं सांगा."

"हो हो," तो म्हणाला. माणूस जेव्हा काहीच कळलेलं नसताना हो म्हणतो, तेव्हा तो दोनदा म्हणतो. चार दिवसांनी मोबाइलवर मंडईचं पत्रक आलं. त्यात आकाशपाळणा, दंडार, रात्रीचं तीन अंकी नाटक, आणि मध्ये बारीक अक्षरात: दुपारी चार वाजता भव्य जनजागृतीपर पपेट शो. भव्य! माझ्या तिन्ही बाहुल्या एका भाजीच्या पिशवीत मावतात.

नवा खेळ मात्र मनासारखा जमला होता. बुढा-बुढी सायकलने लेकीच्या गावी मंडईला निघालेत. वाटेत वाघ आडवा येतो. वाघ वैतागलेला आहे. दिवसभर जिपड्यांतून लोक येतात, फोटो काढतात, त्यालाही कधी कोणाकडे पाहुणा म्हणून जावंसं वाटतं. "मले बी मंडईले न्या!" बुढी त्याला आपल्या शालीत गुंडाळून मागे कॅरिअरवर बसवते. गावात लोक विचारतात, हा कोण? बुढी म्हणते, नवा जावई. मग वाघाचा पाहुणचार. त्याला पाटावर बसवतात, वडे वाढतात. "जावईबापू कोठी नोकरीवर हायत?" "फॉरेस्टात." तालमीत ह्या ठिकाणी नवरा स्वतः वाघ चालवता चालवता हसला होता, आणि पेटी जाणार हे लक्षात येऊन लगेच गंभीर झाला होता.

मंडईच्या दिवशी ऊन छान होतं. धान कापून झालेलं, शेतातल्या बांध्या मोकळ्या, सगळीकडे भज्यांचा वास. मांडव भरला. मला इतका आनंद झाला की पडदा मी आधी उलटाच बांधला. पडद्याच्या फटीतून बघितलं तर पहिली रांग ओळखीची वाटली. सगळे मांडी घालून, पाठ ताठ करून, शाळेत बसल्यासारखे बसले होते.

खेळ सुरू झाला. बुढी सायकलवरून पडली. कोणी हसलं नाही. वाघ आला, गुरगुरला. मागच्या माणसाने पुढच्याला "ऐकून घे" म्हणून ढोसलं. वाघ म्हणाला, मलाही मंडईला न्या. लोकांनी माना हलवल्या, अगदी पटल्यासारख्या. जावईबापू फॉरेस्टात आहेत म्हटल्यावर एक म्हातारबा दुसऱ्याला म्हणाले, "खेळ फॉरेस्टवाल्यायचा दिसते." मी आवाज चढवला, बुढीला नाचवलं, बुढ्याच्या मिशीची काडी तुटून उडाली. पुढे बसलेल्या एका ताईने तेवढ्यात फोटो काढून घेतला आणि परत पाठ ताठ केली. शेजारी नवऱ्याचा हात वाघात होता आणि नजर पेटीवर.

शेवटी मी पडद्याबाहेर येऊन म्हटलं, "संपला खेळ." कोणी उठलं नाही. "संपला," मी पुन्हा म्हटलं. मग व्यवस्थित टाळ्या झाल्या. आणि टाळ्या संपल्यावर माणसं उठली आणि माझ्या पेटीसमोर रांग लावून उभी राहिली.

रांग! मला क्षणभर वाटलं, कौतुक करायला आलेत. पहिल्या माणसाच्या हातात आधार कार्डाची झेरॉक्स होती आणि तिच्याखाली सातबारा.

"मॅडम, रानडुकरायनं धान खाल्ला त त्याच्या नुकसानीचाबी फारम इथंच भरते, का फक्त वाघाचाच?"

दुसऱ्याने विचारलं, ह्या वेळच्या गोळ्या जेवणाआधी की नंतर. तिसऱ्या बाईला फक्त सही कुठे करायची ते हवं होतं. खेळाला बसलं की सही करायची असते हे तिला पक्कं ठाऊक होतं. मी सांगत होते, अहो फॉर्म नाही, गोळ्या नाहीत, हा नुसता गमतीचा खेळ होता. माणसं हसून मान डोलवत होती, आणि रांग जागची हलत नव्हती. बाईंनी काहीतरी मागे ठेवलंय आणि ते रांग धरणाऱ्यालाच मिळणार, एवढं त्यांना दर खेळानंतर गोळ्या नाहीतर फॉर्म वाटून मी स्वतःच शिकवलं होतं. यात चूक काढायची तर कोणाची काढणार?

नवरा मागून हळूच म्हणाला, "ब्लँकिटं बसतीन ना सहा?"

मला रडू यायला लागलं होतं. मी पेटी आवरायला घेतली. तेवढ्यात रांगेच्या बाजूने एक म्हातारी बाई पुढे आली. तिच्या हातात कागद नव्हता, काठी होती. एक पाय तिचा नेहमीचा, दुसरा गुडघ्यापासून खाली सुजून जड झालेला, चप्पल न मावणारा. ती माझ्याकडे बघतच नव्हती. माझ्या हातातल्या बुढीकडे बघत होती.

"बाई," ती म्हणाली, "हिचा पाय कसा बरा झाला जी?"

मला आधी कळलंच नाही.

"मांगं आली होती तवा हिचा पाय माह्यासारखाच होता. मी लई रडली होती त्या दिवशी. आज पाह्यलं त हिचा पायच नाई. सारा वेळ मी तेच पाहून राहिली. कोणतं औसद देलं हिले?"

मी तीस वर्षं साहेबांना हवी ती उत्तरं दिली होती. या बाईला देण्यासारखं एकही नव्हतं. गोळ्यांनी रोग थांबतो, पण इतकी जुनी सूज उतरत नाही, हे मला माहीत होतं. तेव्हाच्या खेळात मी ते सांगितलं नव्हतं, कारण ते साहेबांच्या कागदावर नव्हतं. मी खाली बसले, पेटीच्या तळातून पिशवी काढली आणि तो कापडाचा पाय तिच्या हातात दिला.

"औषध नाही, आजी," मी म्हटलं. "कातरीने उसवला. कापूस भरलेला होता. माझी चूक झाली."

तिने पाय हातात घेतला. दाबून पाहिला. पाचही बोटं मोजली. मग स्वतःच्या पायाकडे बघितलं, परत त्या पायाकडे बघितलं, आणि तिच्या पोटातून काहीतरी वर आलं. मला वाटलं, रडतेय. ती हसत होती.

"बाप्पा!" ती म्हणाली. "माहाबी असा उसवून पेटीत ठेवता आला असता त!" काठीवर रेलून ती हसायला लागली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग पदराने डोळे पुसत मला रागावली. "पण तुमी कायले काढला जी? वाघ आला तवा हा पाय पाह्यजे होता. एक लाथ मारली असती बुढीनं, वाघ गोंदियाले जाऊन पडला असता!"

मी काही विचार केला नाही. साडीची पिन काढली, पाय बुढीला टाचला, आणि बुढीने लाथ हाणली. नवऱ्याच्या हातात वाघ अजून तसाच होता. त्याला कोणी सांगितलं नव्हतं, पण वाघ केकाटला, हवेत गेला आणि पेटीच्या झाकणावर उताणा पडला. म्हातारी ओरडली, "आनखी मार!" बुढीने आणखी मारली. रांगेतली सही मागणारी बाई आधी हसली, मग तिच्या मागची, मग सगळा मांडव. रानडुकरांचा फॉर्म मागणारा माणूस इतका हसला की त्याने झेरॉक्सची घडी करून खिशात ठेवून दिली आणि खाली बसला. म्हातारी आपला जड पाय पुढे घेऊन, जिथे बसली होती तिथेच परत जाऊन बसली. मग आम्ही सगळा खेळ पहिल्यापासून पुन्हा केला, आणि ह्या वेळी बुढी सायकलला टांग मारायला गेली तेव्हापासूनच लोक हसत होते. दंडारवाले तोंड रंगवून बाजूला ताटकळले.

संध्याकाळी सचिव भेटायला आला. खूश होता. म्हणाला, "मॅडम, फॉरेस्टपेक्षा हत्तीरोगाचाच लोकायले जास्त आवडला. पुढच्या साली तोच ठेवू." मी त्याला दोनदा हो म्हटलं.

पेटी माझ्याकडेच आहे. ब्लँकेटं दिवाणाखाली आहेत आणि नवरा त्याबद्दल बोलत नाही. पाय मी दुसऱ्याच दिवशी दुहेरी दोऱ्याने पक्का शिवून टाकला. आता बुढी हातात घातली की तो आधी माझ्याच मनगटावर आपटतो. तिला उचलून धरताना खांदा दुखतो, आणि तेव्हा मला दर वेळी ती बाई आठवते, जी तसला पाय रोज खाटेपासून चुलीपर्यंत नेते आणि तरी जिला वाघाला लाथ घालायचं सुचलं.